माणसं मोजायची नसतात, गुरुजी

परवा भाचा आला होता. एका महापालिकेत रस्त्यांच्या कामावर अभियंता आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून थेट इकडे जाफराबादला, मामीला भेटायला. मामी म्हणजे आमच्या सौ. तीन वर्षांपूर्वी एका शहरात मुलीकडे गेलो असताना फुटपाथवरून उतरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आठवडी बाजार बंद, देऊळ बंद.

भाचा सांगत होता, "मामा, आम्हाला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन या. पन्नास पावलं नसतील. मला जमलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तसले फुटपाथ मीच तर बांधतो." चार वर्षं अभियांत्रिकी शिकला, पण चालणाऱ्यासाठी रस्ता कसा आखायचा यावर एखादा तास झाल्याचं त्याला आठवत नाही.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. कुठलीही गोष्ट ऐकली की हे कधीपासून असं, हा प्रश्न डोक्यात घुमायला लागतो. दोन दिवस तेच वाचत बसलो.

आपल्याकडे सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करायचा वर्ग पुण्यात 1854 मध्येच निघाला. तेच पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज. पण रस्ता हा देशपातळीवरचा विषय झाला तो मोटारी आल्यावर. 1927 मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर. हो, तेच, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू! समितीच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. 1934 मध्ये इंडियन रोड काँग्रेस स्थापन झाली. (या काँग्रेसचा निवडणुकीशी संबंध नाही, ही अभियंत्यांची सभा. रस्ता किती रुंद, वळण किती, हे नियम तिथे ठरतात.) 1943 च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची उतरंड ठरली.

जयकरांना नावं ठेवायला मी बसलो नाही. खेड्यात रस्ता नसणं म्हणजे काय ते आमच्या पिढीने पाहिलंय. केळना-धामणेला पूर आला की पलीकडचा अलीकडे येत नसे. तरी एक गोष्ट खटकते. पैसा पेट्रोलचा, म्हणून हिशेबही गाडीचा झाला.

याचा पुरावा मी स्वतः पाहिलाय. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. शाळेजवळ लिंबाखाली दोन माणसं वही घेऊन बसलेली. रहदारीची मोजणी, सात दिवस, रात्रंदिवस. ट्रक गेला की एक रेघ, बैलगाडी गेली की दुसऱ्या रकान्यात रेघ. तेवढ्यात शाळा सुटली आणि शे-दीडशे पोरं रस्त्यावर. मी विचारलं, यांची रेघ कुठं? त्यातला एक हसून म्हणाला, "माणसं मोजायची नसतात, गुरुजी."

तो काही चुकीचं बोलला नव्हता. भाच्याने मला 1990 चं एक कोष्टक दाखवलं. वेगवेगळ्या वाहनांची बेरीज करायची तर मोटार म्हणजे एक धरायची. त्या हिशेबात बैलगाडी आठ, हातगाडी तीन, सायकल अर्धी. पायी चालणाऱ्याला शून्यसुद्धा नाही, त्याची ओळच नाही!

पादचाऱ्यांच्या सोयींविषयी रोड काँग्रेसचं वेगळं पुस्तक निघालं 1988 मध्ये. स्थापनेनंतर चौपन्न वर्षांनी. 1983 मध्ये अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था निघाली, तीही नावापासून महामार्गांची. तिकडे डेन्मार्कात कोपनहेगनचा मुख्य बाजाररस्ता 1962 मध्येच वाहनांना बंद झाला होता, आणि यान गेल नावाचे वास्तुविशारद तिथे उभे राहून चालणारी आणि नुसती बसलेली माणसं मोजत होते. आमच्या लिंबाखालच्या वहीत जो रकाना नव्हता, नेमका तोच!

आपल्याकडे बदल आता आता दिसतो. 2012 च्या सुधारित नियमांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं आहे. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, आणि 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या थांबवून पादचारी दिन साजरा केला. तरी 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे पाचातला जवळजवळ एक. मेल्यावर मात्र मोजणी चोख होते.

भाचा म्हणतो, नियम कपाटात असतातच, ते हाताला लागायला एकदा खुर्चीत बसावं लागतं. त्याच्यासोबत पन्नाशीतले एक साहेब होते. त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावलं. विजेच्या खांबावर आपटल्यावर ते म्हणाले, हा खांब इथं कोणी लावला? सगळे हसले, कारण सही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भाचा टेप घेऊन आमच्या अंगणात. घराची पायरी मोजत होता. 23 सेंटिमीटर भरली. मिस्त्री मीच बोलावला होता आणि "पावसाचं पाणी आत येतं, चांगली उंच कर" हेही मीच सांगितलं होतं. तीन वर्षं ती या पायरीशी येऊन परत वळते, आणि मी समजत होतो की तिला शहरातल्या त्या फुटपाथचीच भीती बसलीय.

आतून सौ.चा आवाज आला, "मोजून झालं असेल तर चहा घ्या दोघं." मिस्त्रीला निरोप धाडलाय. बाजाराच्या आधी येतो म्हणालाय.