निरूपणापासून व्याख्यानापर्यंत

पैनगंगेच्या तीरावरील मेहकर या कसब्यात तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचा मुक्काम झाला, आणि लीळाचरित्र या त्यांच्या चरित्रग्रंथात त्यांची जी अध्यापनपद्धती दिसते ती अशी की, शिष्याने शंका विचारावी, गुरूने सूत्र सांगावे आणि ते दुर्बोध वाटल्यास हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांसारखा दृष्टांत देऊन लोकभाषेतच उलगडावे. पुढे 1923 साली नागपूर विद्यापीठ व अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेव्हा वऱ्हाडी विद्यार्थ्यापुढे इंग्रजी व्याख्यान आले. प्राध्यापकाने बोलावे आणि विद्यार्थ्याने निमूटपणे टिपणे उतरून घ्यावीत, असा रिवाज रूढ झाला. मेहकर ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले व लीळाचरित्राचे साक्षेपी संपादकही ठरले. आज मेहकरातच महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनी व्याख्यानात विद्यार्थ्याच्या शंकेला मानाचे स्थान द्यावे, हेच उचित होय.