ठिगळाचे लुगडे

काटकसर हा गुण सर्वांनाच आवडतो. मात्र तो आपल्यापेक्षा आपल्या जोडीदाराच्या अंगी असावा, असे ज्याला त्याला वाटते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मास्तरच्या तुटपुंज्या पगारात संसार कसा करावा यावर मी घरात बरीच प्रवचने झोडली. पत्नीने ती निमूटपणे ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले, "अहो, तुमची ही कात्री तंबाखूच्या चंचीपर्यंत कधी पोहोचायची?" मला उत्तर सुचले नाही. पुढे महाडचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हाच प्रश्न आमच्या गावात एकदा फार मोठ्या सभेपुढे आला होता आणि त्याचे उत्तरही तेथे मिळाले होते.

१९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, बाबासाहेबांनी येथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्याकडे आपण तितकेसे लक्ष देत नाही. ते भाषण संसाराविषयी होते.

त्यांनी बायकांना सांगितले ते असे: लुगडे फाटके असो, ठिगळाचे असो, पण स्वच्छ असू द्या. ते नेसण्याची पद्धत बदला. गळ्यातल्या जाड माळा आणि कोपरापर्यंत चढवलेले कथील-चांदीचे दागिने उतरवा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलांबरोबर मुलींनाही शाळेत घाला.

हे ऐकायला सोपे, पण करायला अवघड होते. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरून पोलादपुरावरून महाडास येते; तिच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख एका पावसाच्या पिकावर जगणारा. खाचरात भात, डोंगरउतारावर नाचणी नि वरी. घरचा पुरुष पोटासाठी मुंबईला, मागे घर बाईच्या हाती. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की गहाण टाकायला तिच्या अंगावरच्या त्या चार वस्तूंखेरीज असते काय? तोच तिचा नटण्याचा हौसेचा ठेवा आणि तीच तिची पेढी. ती उतरवताना एखादीचा हात अडखळला असेल, तर त्याला हट्ट म्हणता येणार नाही.

तरीही त्या बायकांनी ऐकले. लुगडे नेसण्याची रीत बदलली. चळवळीत उतरलेल्या टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी पुढे होऊन त्यांना नव्या पद्धतीने नेसायला शिकवले. मला वाटते, बायका राजी झाल्या याचे कारण असे की, येथे पैसा वाचवण्याचा हिशेब कोणी पुढे केला नव्हता. जातीची खूण अंगावरून उतरवायची होती. जे टाकायचे त्याच्या बदल्यात मान मिळणार होता आणि मुलीच्या हाती पाटी येणार होती.

दुसरे कारण त्याहून मोलाचे आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी बायकांना बजावले की, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका! म्हणजे काटकसरीला नाखूष असलेला जोडीदार येथे बायको नव्हता, नवरा होता; आणि त्याला वळणावर आणण्याचे काम बायकोकडे सोपवले होते. चांदी तिने उतरवायची खरी, पण बाटली त्यानेही सोडायची. तराजूला दोन पारडी होती.

हा अधिकार बाबासाहेबांना कोठून आला? त्यांच्या स्वतःच्या घरातून, असे मी म्हणेन. १९२० ते १९२३ या काळात ते लंडनला शिकत होते, तेव्हा रमाबाईंनी मुंबईत परळच्या चाळीत ओढग्रस्तीचा संसार निभावला. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला, म्हणजे महाडच्या या सभेच्या आदल्या वर्षी. आणि सभेनंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९२८ मध्ये, 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी उघडपणे लिहिले की, आपण परदेशी असताना संसाराचा भार पत्नीने वाहिला, शेणाचे भारे डोक्यावरून आणले, आणि अशा पत्नीसाठी आपल्याला दिवसाकाठी अर्धा तासही काढता येत नाही. बायकोच्या कष्टांची अशी कबुली छापून देणारे पुढारी त्या काळी किती होते? रमाबाई १९३५ साली निवर्तल्या. पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्याच स्मृतीस अर्पण केला.

वाचकहो, काटकसर शिकवता येते, पण ज्याने आपल्या जोडीदाराचे देणे मान्य केले आहे त्यालाच. इतरांचे ते नुसते हुकूम असतात, आणि हुकमाने घर चालत नाही.

माझ्या चंचीचे विचाराल तर ती सुटली. पण प्रवचने थांबल्यावर. त्या महिन्यात वाचलेले पैसे मी पत्नीच्या हाती ठेवले. तिने ते मोजले नाहीत. मुलीच्या पुस्तकांच्या डब्यात टाकले आणि चुलीकडे वळली.