गाठ फुटली, मग बल्लारपूर

बल्लारपूरची कागद गिरणी कशामुळे उभी राहिली? चंद्रपुरात उत्तर ठरलेले असते: वर्धेचे पाणी, दगडी कोळसा, रेल्वे आणि थापर या उद्योजक घराण्याचा पैसा. मला ते अपुरे वाटते. नदी आणि कोळसा आधीपासून होते, काजीपेठ-बल्लारशा लोहमार्गही १९२९ मध्ये पुरा झाला. तरी ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ स्थापन झाली १९४५ साली. महायुद्धातल्या कागदटंचाईने घाई केली असेल, हे मान्य. पण त्याआधी बांबूची गाठ फुटावी लागली.

१८७५ साली इंग्लंडमधल्या संडरलंडच्या थॉमस रूटलेजने बांबूच्या कागदाची शिफारस करणारी पुस्तिका काढली आणि ती बांबूच्याच कागदावर छापली! एस्पार्टो गवताचा कागद करून त्याने आधीच नाव कमावले होते. बांबू मात्र त्याला कोवळाच हवा होता. ही अट त्याने चिनी कारागिरांकडून घेतली, असा माझा पक्का तर्क आहे; १६३७ च्या ‘थ्येन-कुंग खाय-वू’ या ग्रंथातही कागदासाठी कोवळाच बांबू भिजत घालतात. गडचिरोलीच्या भाषेत सांगायचे तर रूटलेजला वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, उकळायचे होते. पण दरवर्षी सगळे कोंब खुडले तर बेटच मरते. उद्योग आणि जंगल दोन्ही एकदम बुडवणारी ती कल्पना होती.

जून बांबूची अडचण वेगळी. त्याच्या गाठी शिजत नाहीत आणि आतल्या पिष्टामुळे लगदा काळवंडतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेटने यावर उपाय काढला: बांबू गाठींसकट चेचायचा, आधी सौम्य द्रावणात उकळून पिष्ट काढायचे, मग तीव्र द्रावणात लिग्निन. आता कोंबांना हात न लावता तयार मानवेल बांबू तोडता येणार होता. मी बल्लारपूरचे मूळ इथे धरतो.

बांबूच्या कागदाला आधार देणाऱ्या १९२५ च्या कायद्याने लिहिण्या-छापण्याच्या परदेशी कागदावर पौंडामागे एक आणा संरक्षक जकात बसली, म्हणजे जोखमीचा वाटा गिऱ्हाइकावर पडला. नव्या शोधांत जोखमीचा पैसा घालणारी पहिली आधुनिक कंपनी म्हणून ज्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’चे नाव घेतात, ती जॉर्ज दोरियो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये १९४६ साली काढली. आपल्याकडची जोखीम त्याच्या कितीतरी आधी सरकारी प्रयोगशाळेने आणि महाग कागद घेणाऱ्या गिऱ्हाइकाने उचलली होती. भांडवल मागाहून आले. थापरांचे धाडस मी नाकारत नाही, पण कुळकथेत त्यांचा क्रम तिसरा.

या सगळ्या हिशेबात बांबू स्वस्तच मिळणार, हे गृहीत होते. ज्यांच्या शिवारात तो वाढतो त्यांना भाव कुणी विचारला नाही. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळाला तो २७ एप्रिल २०११ रोजी, वनहक्क कायद्याच्या बळावर.