जुन्या बंदुकीचें काडतूस

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त बेल्जियममध्यें लीएज शहराजवळ राहतो. त्याच्या घरमालकांनीं एके दिवशीं माळ्यावरून आपल्या आजोबांची दुनळी बंदूक काढून त्याला दाखविली. बाजारांतून आणलेलें सोळा बोरचें नवें काडतूस तिच्यांत चपखल बसलें. "गुरुजी, आतां बार काढून पाहण्यास हरकत नाहीं ना?" असें त्यानें मला विचारलें. "हरकत आहे, आधीं त्यांना थांबव," असें मीं ताबडतोब कळविलें. त्यामागचीं कारणें त्याला सविस्तर लिहिलीं, तींच आज श्रोत्यांपुढें मांडतों.

ठासणीच्या बंदुकीपुढें हा प्रश्न कधींच आला नाहीं. नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, वर बोळा ठासावा, मग छर्रे सोडून पुन्हां बोळा बसवावा, आणि केप चढवून घोडा उभा करावा, अशी तिची रीत. काम वेळखाऊ खरें. पण दारू, शिसें आणि केप मिळाली कीं ती बंदूक कोणत्याही गांवीं चाले. काडतुसानें ही दगदग मिटविली आणि त्याबरोबर बंदुकीचें स्वातंत्र्यही हिरावून घेतलें. दारू, छर्रे आणि केप एकाच नळकांड्यांत बंद झालीं. तेव्हांपासून तें नळकांडें बनविणारा कारखाना जोंपर्यंत चालू, तोंपर्यंतच बंदूक जिवंत.

हा बदल घडविणाऱ्यांत पॅरिसचा बंदूककार कासिमीर लफोशो हा प्रमुख. १८३५ च्या सुमारास त्यानें मागून भरावयाच्या बंदुकीसाठीं एक काडतूस काढलें. त्याच्या बुडाशीं बाजूनें एक बारीक पितळी खिळा बाहेर डोकावे. नळीच्या कांठावरील खांचेंत तो बसे, आणि वरून घोडा आदळला कीं खिळ्याचें आंतील टोंक केपेवर आपटून बार उडे. १८४६ मध्यें उलिए या दुसऱ्या पॅरिसकर कारागिरानें काडतुसाचें बूड असें सुधारलें कीं बाराचा वायु मागें फुटेनासा झाला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनांत लफोशोची बंदूक मांडली गेली, आणि इंग्रज कारागीरही त्या धर्तीवर बंदुका घडवूं लागले.

पण बाहेर आलेला खिळा अडचणीचा होता. तो बरोबर खांचेंतच यावा लागे, आणि त्याला चुकून आघात झाला तर भलत्याच वेळीं बार होण्याचें भय असे. पुढें केप बुडाच्या मधोमध बसविण्याची युक्ति निघाली. १८६१ मध्यें डॉ या बंदूककारानें तसलीं काडतुसें लंडनच्या बाजारांत आणलीं. हळूहळू खिळ्याचीं काडतुसें मागें पडलीं. युरोपांतील कारखाने पहिल्या महायुद्धानंतरही जुन्या गिऱ्हाइकांसाठीं तीं बनवीत. आतां तीं नेहमीच्या दुकानांत मिळत नाहींत. ज्याच्या बंदुकीला ती खांच आहे, त्याचा शोध बहुधा येथेंच संपतो.

माझ्या विद्यार्थ्यानें पाहिलेल्या बंदुकीला खांच नव्हती. काडतूस बाजारांत मिळतही होतें. धोका येथेंच होता. एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीची जाडी ती सोळा बोर, म्हणजे सुमारें १६.८ मिलिमीटर. बारा गोळ्या केल्या तर बारा बोर, सुमारें १८.५ मिलिमीटर. म्हणून आंकडा लहान तितकी नळी मोठी. पण हें माप केवळ जाडीचें. काडतूस ज्या कोठींत बसतें तिची लांबी निराळी. जुन्या सोळा बोरी बंदुकांची कोठी पुष्कळदां ६५ मिलिमीटरची असते. हल्लींचें प्रचलित काडतूस ७० चें असतें. आणि हे ७० मिलिमीटर बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याचे! तोंड दुमडलेलें नवें काडतूस त्याहून बरेंच आंखूड असल्यामुळें लहान कोठींत सहज जातें. बाराच्या क्षणीं दुमड उलगडते, पुढच्या अरुंद भागांत शिरते, वाट अडते, आणि दाब भलताच वाढतो. बसलें म्हणजे जुळलें, हा समज येथें घात करतो.

दुसरा प्रश्न दारूचा. जुन्या नळ्यांपैकीं पुष्कळ नळ्या लीएजजवळच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यांत, लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोंवतीं गुंडाळून आणि तापवून ठोकून तयार होत. त्यांवर सुंदर नक्षी उमटे. पण त्यांतील बहुतेक काळ्या दारूसाठीं घडविलेल्या होत्या. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें १८८४ मध्यें निर्धूर दारू सिद्ध केली. पुढें काडतुसांतही तशी दारू रूढ झाली, आणि तिचा दाब निराळा. म्हणून नळीवरील परीक्षेचे शिक्के वाचावे लागतात. लीएजच्या परीक्षागृहांत जादा दारू भरून नळ्या तपासण्याची चाल १६७२ पासूनची आहे. सिंहाच्या चित्राखालीं 'पी. व्ही.' हीं अक्षरें असलीं तर ती नळी निर्धूर दारूच्या परीक्षेस उतरली असें समजावें. मात्र शिक्का त्या दिवसाची ग्वाही देतो. नंतर गंजानें नळी किती झिजली हें तो सांगत नाहीं. तें जाणत्या कारागिरानेंच मापून पाहावें. आपल्याकडेही कांहीं घराण्यांत अशा जुन्या परवान्याच्या बंदुका आहेत. त्यांच्या मालकांनाही हेंच सांगणें.

महिन्याभरानें विद्यार्थ्याचें उत्तर आलें. कारागिरानें कोठी मापली, ती ६५ मिलिमीटरची निघाली, 'पी. व्ही.' चा शिक्का कोठेंच नव्हता. ६५ मिलिमीटरचीं काडतुसें युरोपांत अजून मिळतात. पण ह्या नळ्यांना तीं काळ्या दारूचींच हवींत, आणि तींही नळ्या सुदृढ ठरल्या तर, असा कारागिराचा निर्णय. घरमालक थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं नवीं काडतुसें दुकानांत परत केलीं, आणि आजोबांची बंदूक तेल लावून बैठकीच्या भिंतीवर टांगली.