वाय ३६.१ची वंशावळ

रुग्णालयातल्या नोंदी सांकेतिक आकड्यांत बसवणारी मंडळी ज्याला नुसतं ‘आयसीडी-टेन’ म्हणतात, त्या आजार-इजांच्या जागतिक यादीत वाय ३६.१ असा एक कोड आहे. अर्थ असा की युद्धकारवाईत विमान नष्ट होऊन इजा झाली. उपचाराला आलेल्या माणसाच्या कागदावर तो एकटा येत नाही. चेहरा भाजला असेल तर आधी टी २०, मनगट किंवा पंजा भाजला असेल तर टी २३. जखम पुढे, जखमेचं कारण मागे.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या आवृत्तीत या कोडला आणखी फाटे फोडले. विमान शत्रूच्या माऱ्याने पडलं, दुसऱ्या विमानावर आदळलं, आतच पेटलं की विमानातल्याच दारूगोळ्याचा चुकून स्फोट झाला? जखमी माणूस लष्करातला की नागरिक? शांततेच्या काळातल्या सरावात असं काही घडलं, तर वाय ३७ हे वेगळं बिऱ्हाड. कारकुनी चिकाटीची कमाल आहे, आणि वाचताना हसूही येतं. मात्र या घराण्याचा मूळपुरुषही यादी करणाराच होता.

लंडनमध्ये दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या याद्या जॉन ग्राँट नावाच्या कापड-व्यापाऱ्याने चाळल्या आणि १६६२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने मृत्यूच्या कारणांना शिस्त लावली. १८९३ मध्ये झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने शिकागोत आपली यादी मांडली. (गुन्हेगारांची मोजमापं घेऊन त्यांची ओळख पटवणारा आल्फोन्स बर्तियों हा त्याचा भाऊ. वर्गवारी घरातच होती म्हणायची.) १९४८ मध्ये ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. त्या सहाव्या आवृत्तीत इजांची नोंद दोन अंगांनी होऊ लागली, एक इजेचं स्वरूप आणि दुसरं बाहेरचं कारण. नवव्या आवृत्तीत विमाननाशाला ई ९९४ हा क्रमांक होता, दहाव्यात त्याचा वाय ३६.१ झाला.

‘कशाने झालं?’ हा प्रश्न खाटेशेजारी उभं राहून विचारला की त्याचं मोल कळतं. १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी चाललेल्या लढाईत हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं पेटत होती. इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या थेट समोर, उपकरणांच्या फळीमागे. शिवाय पंखांच्या मुळाशी आणखी टाक्या. आगीचा लोळ आत यायचा तो चेहऱ्यावर आणि हातांवर. हातमोजे आणि गॉगल घातलेले नसले तर काही सेकंदांत पापण्या आणि बोटं जात. ईस्ट ग्रिनस्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयातले न्यूझीलंडचे सर्जन आर्चिबाल्ड मॅकइंडो याला ‘एअरमन्स बर्न’ म्हणत. तेव्हाची रीत म्हणजे भाजल्या जागी टॅनिक आम्ल लावायचं. त्याची कडक खपली धरे. पाठीवर ते एक वेळ चालून जाई, पण बोटांवर तीच खपली आवळत जाऊन बोटं आखडायची. मॅकइंडोंच्या लक्षात आलं की छत्रीने समुद्रात उतरलेल्यांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षा बऱ्या भरतात. त्यांनी टॅनिक आम्ल बंद केलं आणि कोमट खारट पाण्याची स्नानं सुरू केली.

त्वचारोपणाच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं चालत. तिथल्या वॉर्डात बिअरचं पिंप असे आणि रुग्णांना निळे रुग्णवेश न घालता आपला गणवेश घालायची मुभा होती. १९४१ मध्ये या रुग्णांनी ‘गिनी पिग क्लब’ काढला. युद्ध संपेतो त्याचे ६४९ सदस्य झाले. सचिव म्हणून त्यांनी बोटं जळालेला माणूस निवडला, म्हणजे इतिवृत्त लांबायला नको. खजिनदार पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको. सांत्वनाच्या शंभर भाषणांपेक्षा मला हा विनोद जास्त औषधी वाटतो.

याच लढाईतून वंशावळीची एक फांदी आपल्याही घरांपर्यंत आली आहे. ऑगस्ट १९४० मध्ये वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या हरिकेनला गोळ्या लागल्या आणि कॉकपिटवरच्या पर्स्पेक्सच्या झाकणाचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा कायमचा गेला. नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांना आढळलं की आत राहिलेल्या या प्लॅस्टिकला डोळा फारसा विरोध करत नाही. टोकदार कडा हलत्या भागाला टोचत नसली, की तुकडा मुकाट पडून राहतो. इथेही कशाने इजा झाली यावर सगळं अवलंबून होतं. डोळ्यात नुसता ‘परका तुकडा’ आहे एवढ्या नोंदीवरून हे उमगलं नसतं, तो पर्स्पेक्सचा आहे हे माहीत असावं लागलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडलींनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. नेत्रतज्ज्ञांच्या जगाने त्यांना बरीच वर्षं उभं केलं नाही. ‘सर’ व्हायला २००० साल उजाडलं.

आज आई-आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ‘लेन्स कोणती घालायची?’ यावर घराघरांत चर्चा होते, तिचं मूळ हे. पुढे क्लीव्हरलाही उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि तसंच भिंग बसलं. आयसीडी-टेनमध्ये त्याच्या डोळ्यांतले तुकडे एच ४४.७ खाली येतील, पडलेलं विमान वाय ३६.१ खाली आणि ते भिंग झेड ९६.१ खाली. तिन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायची वाट यादीत दाखवलेली नाही.