लय गरम पाणी आणि लाल पेन

आमच्या सोसायटीजवळ एक छोटं वाचनालय आहे. विज्ञान दिनानिमित्त त्यांनी शाळकरी मुलांची निबंध स्पर्धा ठेवली होती. "तू इंजिनिअर आहेस, तूच तपासून दे," असं वाचनालयाचे काका म्हणाले आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ६२ निबंधांचा गठ्ठा माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडला. विषय होता 'माझ्या घरातील विज्ञान'. सोबत गुणांची चिठ्ठी: मांडणी १०, भाषा व शुद्धलेखन १०, हस्ताक्षर ५. विज्ञानाला गुण नव्हते, हे माझ्या लक्षात रविवारी आलं.

अकरा निबंध 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' या वाक्याने सुरू झाले. तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर हे वाक्य तुमच्याही हाताने लिहिलं गेलंय. मी ते दहावीपर्यंत लिहिलं. विषय 'विज्ञान : शाप की वरदान' असेल तर शेवटी 'वरदान, पण...' म्हणायचं, मध्ये कलामसरांचं एखादं वाक्य टाकायचं आणि हिरोशिमाचं नाव घ्यायचं. चार-पाच निबंध इतके सुबक होते की चॅटजीपीटीने लिहून मुलांनी उतरवून काढले असावेत. ते वाचताना मला राग आला नाही. आम्हीही गाइडमधून उतरवायचो.

मग सातवीतल्या एका मुलीचा निबंध आला. दीड पान, खोडाखोड, पूर्णविराम जवळजवळ नाहीत. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की आधी पाणी लय गरम येतं, मग कमी गरम होतं, असं तिने लिहिलं होतं. टाकी तर तीच, मग आधीचं पाणी जास्त गरम का? तिने आकडे मोजले होते : ३१ म्हणेपर्यंत हात भाजतो, नंतर नाही. तिचा अंदाज असा की आधीचं पाणी टाकीतलं नसून गच्चीवरच्या पाइपातलं असतं. पाइप बारीक आहे म्हणून लवकर तापतो, टाकी मोठी आहे म्हणून उशिरा.

मी लाल पेन घेतलं. 'लय' खोडून 'फार' केलं. पूर्णविराम टाकले. 'पाइप'च्या जागी 'नळी' लिहिलं (का, देव जाणे, घरी मी स्वतः पाइपच म्हणतो). नऊ खुणा झाल्या. २५ पैकी १४ दिले आणि पुढचा कागद उचलला.

रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर जाऊन नळ सोडला. फेब्रुवारी होता, तरी सुरुवातीचं पाणी चांगलं कोमट होतं आणि थोड्या वेळाने गार झालं. पोरगी बरोबर बोलत होती. माझ्या नऊ खुणांमध्ये या गोष्टीबद्दल एक अक्षर नव्हतं.

ऑफिसात आम्ही एकमेकांचा कोड तपासतो. तिथला जुना रोग हाच आहे. व्हेरिएबलची नावं, स्पेस, कंस यांवर चाळीस कमेंट पडतात आणि खरा बग शांतपणे प्रॉडक्शनवर जातो. कारण स्पेस चुकली आहे हे सांगायला कोड समजावा लागत नाही. पण निबंध तपासताना माझा हात आपोआप 'लय'वर गेला, ही सवय ऑफिसची नव्हती. तिचा माग काढत गेलो तर फार लांब जावं लागलं नाही. शनिवार-रविवार ज्या विश्रामबागवाड्यासमोर आपण पार्किंग शोधत फिरतो, तिथपर्यंतच.

दुसऱ्याची विद्या तपासून मोबदला द्यायची पुण्याची रीत पेशवाईतली. श्रावणात दक्षिणा वाटली जायची आणि ठिकठिकाणचे शास्त्री-पंडित इथे यायचे. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची, पेशव्यांनी ती पुण्यात आणली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तो खर्च एकदम बंद केला नाही. त्यातल्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही मिळावा. शहरात गहजब झाला. पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. लिहिलेलं मराठी तपासायचं, पसंत पडलं तर बक्षीस द्यायचं, असं तिचं काम.

याच काळातला पुण्यातला सगळ्यात मोठा 'तपासनीस' म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात तो होता. इंग्रजी-मराठी कोश त्याने १८४७ मध्ये पुरा केला. पाठशाळेचा तो प्रमुख होता आणि सरकारी शाळांच्या मराठी पुस्तकांची भाषा त्याच्या नजरेखालून जात असे. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय त्यालाच देतात. त्याआधी आपल्याकडे दंड होता, आणि मोडीत तर शब्दही एकमेकांना चिकटून धावायचे. म्हणजे त्या मुलीच्या निबंधात मी जे पूर्णविराम टाकले, ती कँडीसाहेबाची देणगी.

मी त्याची टिंगल करत नाहीये. शास्त्रीय मजकुराला विरामचिन्हं लागतात. एक वाक्य कुठे संपलं आणि कारण कुठे सुरू झालं हे कळलं नाही तर युक्तिवाद तपासता येत नाही. पण दुसरी बाजूही आहे. शाळेतलं मराठी कसं असावं हे ठरवणारी नजर एकदा एका ठिकाणी बसली की तिच्या बाहेरचं सगळं 'अशुद्ध' होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनी कडक टीका केली. गंमत म्हणजे त्यांनी घडवलेलं मराठीही पुढे एक मापच झालं. साहेबाचं माप गेलं, सदाशिव पेठेचं आलं. 'लय' दोन्हीकडे नापासच.

आणि भाषेच्याही आधी एक गाळणी होती. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. एक जोशी गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून शेतकरी नवरा-बायकोला लुबाडतो, आणि शेवटी ते दोघं शिकायचं ठरवतात, असं त्याचं कथानक. प्रत्येक पायरीवर 'हे कशावरून?' असं विचारणारा विदूषक त्यात आहे. विज्ञानाचा निबंध नसेल, पण विज्ञान ज्या प्रश्नावर उभं असतं तो प्रश्न त्यात आहे. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे असं झालं, हे फुल्यांनी स्वतः 'गुलामगिरी'त (१८७३) लिहून ठेवलंय. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं.

त्याच वर्षांत मुंबईत दुसरी पद्धत चालू होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आपले प्राध्यापक पॅटन यांच्या साथीने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. विशी-बाविशीतले दादाभाई नौरोजी त्यात होते. तिची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. तिथे निबंध वहीत जमा करायचा नव्हता. तो सभेत उभं राहून वाचायचा, आणि मग बाकीचे त्यावर बोलायचे. सभेतले निबंध पुढे 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात छापले जायचे. वाचून दाखवलेल्या निबंधाला हस्ताक्षराचे पाच गुण देता येत नाहीत. ऐकणाऱ्याला मुद्द्यावरच बोलावं लागतं.

आता सव्वाशे वर्षं पुढे. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, मुंबईची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली : 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप नावाचा कुणी लेखक नव्हता. ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पद्मभूषण त्यांना १९६५ मध्येच, सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत, मिळालं होतं. नाव पाहूनच परीक्षक बक्षीस देतील, ही भीती होती. अक्षरही ओळखू येईल म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून काढली. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. पुढे शाळकरी मुलांच्या गणितासाठी त्यांनी खूप काम केलं.

नारळीकरांना नाव लपवावं लागलं कारण ते फार मोठं होतं. फुल्यांचं नाव कमिटीला नको होतं. दोन्ही वेळा अडचण एकच : तपासणारा कागदाआधी माणूस वाचतो. आणि मी? मी नाव वाचलं नव्हतं, वाचनालयाने फक्त नंबर घातले होते. पण 'लय' हा शब्द म्हणजे नावच की. कुठल्या वस्तीतून, कुठल्या घरातून कागद आला ते मला पहिल्या ओळीत कळलं होतं.

१९८८ मध्ये आयुका स्थापन झाली आणि नारळीकर पुण्याचे झाले. विद्यापीठाच्या आवारातल्या त्या संस्थेत विज्ञान दिनाला शाळकरी मुलांच्या स्पर्धा व्हायच्या. मीही एकदा गेलो होतो. फुकोचा लंबक आठवतो, आपला निबंध कशावर होता ते अजिबात आठवत नाही. कार्यक्रमानंतर मुलं सह्या मागायला यायची तेव्हा नारळीकर वहीवर सही करत नसत. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल, असं सांगायचे. आणि खरंच उत्तरं पाठवायचे. कितीही वाकड्या अक्षरात प्रश्न आला तरी परत जायचं ते उत्तर.

रविवारी रात्री मी काकांना फोन केला. "काका, गुणांची चिठ्ठी बदलू या का? निरीक्षणाला दहा देऊ, हस्ताक्षर काढून टाकू."

"पालक भांडतील रे," काका म्हणाले. मग जरा थांबून, "भाषेचे पाच तरी ठेव."

पाच ठेवले. ६२ निबंध पुन्हा तपासले, आणि यात दोन संध्याकाळी गेल्या. पुष्कळ सुबक निबंध खाली गेले. एका मुलाने आईच्या इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही हे लिहिलं होतं, तो आधी माझ्या नजरेतून पूर्ण सुटला होता. टाकीवाली मुलगी दुसरी आली. पहिला इडलीवाला, कारण त्याने पीठ दोन जागी ठेवून पाहिलं होतं.

तिच्या कागदावरच्या लाल खुणा काही पुसता येईनात. मी 'लय'भोवती गोल करून बाजूला 'हेच बरोबर' लिहिलं, 'नळी' खोडून 'पाइप' केलं आणि खाली पेन्सिलीने दोन प्रश्न विचारले : तुमचा पाइप किती लांब आहे? आणि आधीचं पाणी नंतरच्यापेक्षा नक्की किती गरम होतं, ते तू कसं मोजलंस?

आठवड्याभराने काकांनी वहीचं अर्धं पान आणून दिलं. त्यावर लिहिलं होतं : 'पाइप माझ्या २६ पावलांचा. थर्मामीटर घरी आहे पण आज्जीचा तापाचा आहे तो ४२ च्या पुढं जात नाही म्हणून बोट घालून बघितलं. शाळेत मोठा आहे बाई म्हणाल्या मे मध्ये शाळा बंद असते तर कसं करू'