कूलोमचा तराजू आणि विद्युत्प्रभारांमधील बल

‘दोन बिंदुप्रभारांमधील बल त्यांच्या प्रभारांच्या गुणाकाराशी समप्रमाणात व अंतराच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असते.’ शालेय विद्यार्थी हा नियम एका वाक्यात पाठ करतो. या वाक्यामागे मात्र अनेक संशोधकांचे दीर्घ परिश्रम आहेत.

विद्युत्भारित धातूच्या भांड्यात सोडलेला बुचाचा गोळा भांड्याच्या भिंतींकडे ओढला जात नाही, हे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या लक्षात आले. पोकळ गोलकाच्या आत गुरुत्वबल शून्य असते, हे न्यूटनने सिद्ध केले होते. या साम्यावरून, विद्युत्बलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावे, असे अनुमान जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ साली मांडले. पण अनुमान म्हणजे मापन नव्हे.

ते मापन चार्ल्स ऑगस्टिन द कूलोम (१७३६–१८०६) या फ्रेंच लष्करी अभियंत्याने केले. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामात त्याची अनेक वर्षे गेली होती. तारेला पीळ दिला असता तिचा प्रतिकार पिळाच्या कोनाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याने १७८४ साली दाखवले आणि त्यावर आपला तराजू उभारला. काचेच्या नळकांड्यात बारीक रुपेरी तारेला एक हलकी आडवी दांडी टांगलेली. तिच्या टोकाला लहान गोळा, शेजारी तसाच दुसरा स्थिर गोळा. दोघांना सारखा प्रभार दिला की ते एकमेकांना दूर लोटत.

१७८५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने तीन नोंदी ठेवल्या. प्रथम गोळे ३६ अंश दूर गेले. तारेतील पीळही ३६ अंश. गोळे १८ अंशांवर आणण्यासाठी वरून १२६ अंश पीळ द्यावा लागला, एकूण १४४. म्हणजे अंतर निम्मे, बल चौपट. तिसऱ्या वेळी ५६७ अंश पीळ दिल्यावर गोळे ८.५ अंशांवर स्थिरावले, एकूण ५७५.५. अंतर ठीक चतुर्थांश, म्हणजे ९ अंश असते, तर नियमानुसार पीळ ५७६ असायला हवा होता. नोंद अगदी तंतोतंत नव्हती. पण प्रभार हवेत व आधारांतून हळूहळू गळतो, हे कूलोम जाणून होता आणि त्या गळतीचाही त्याने स्वतंत्र अभ्यास केला.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७० च्या दशकातच हा नियम अधिक सूक्ष्म रीतीने पडताळला होता. तथापि त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही; त्यांच्या वह्या मॅक्सवेलने संपादित करून १८७९ साली प्रकाशात आणल्या. तोपर्यंत नियमाला कूलोमचे नाव रूढ झाले होते. सत्य हाती लागणे ही अर्धीच वाट. इतरांना ते पडताळून पाहता येईल असे मांडणे ही उरलेली वाट.

आजची आकडेमोड सोपी आहे. प्रत्येकी एक मायक्रोकूलोमचे दोन प्रभार हवेत १० सेंटिमीटरवर असतील, तर बल सुमारे ०.९ न्यूटन, ५ सेंटिमीटरवर ते ३.६ न्यूटन. प्रभार तीन असतील, तर प्रत्येक जोडीचे बल वेगळे काढून दिशेसह त्यांची बेरीज करायची. वहीतील उत्तर चौपट होते, तेव्हा त्यामागे काचेच्या नळकांड्यातील त्या तारेचा ३६ वरून १४४ अंशांवर गेलेला पीळ असतो.